पत्रातला एक शब्द आणि शेवळांची भाजी

चौक गावाजवळच्या रिसॉर्टवर फ्रंट डेस्कची माझी नोकरी पक्की झाली, त्या पत्रात मॅनेजर सरांनी लिहिलं होतं की मी पर्सेप्टिव्ह आहे.

आईने विचारलं, "म्हणजे काय गं?"

"जिच्या पटकन लक्षात येतं."

"काय लक्षात येतं?"

मला सांगता येईना. शाळेत टीचरही रिपोर्ट कार्डवर हाच शब्द लिहायच्या. मी वर्गात बोलायचे नाही, तेव्हा काहीतरी बरं लिहायचं म्हणून तो लिहीत असतील, अशी माझी समजूत.

त्याच आठवड्यात डोंगरावरच्या वाडीतली मावशी किचनसाठी शेवळांच्या जुड्या घेऊन आली. दर वर्षी ती रानभाज्या आणते. जुड्यांसोबत मूठभर हिरवी, बोराएवढी फळं होती. आमचे नवे शेफ बाहेरगावचे. त्यांनी शेवळं ठेवली, फळं कचऱ्यात टाकली. मी चहा घ्यायला गेले होते, ते पाहिलं. मावशीने ती उगाच दिली नसतील, असं वाटलंही. पण शेफना विचारणारी मी कोण? कप घेऊन बाहेर आले.

जेवणानंतर पाहुण्यांचे घसे खाजायला लागले. सर म्हणाले, त्या बाईची भाजी बंद.

दुसऱ्या दिवशी ती गेटवर आली, तेव्हा निरोप सांगायला मलाच पाठवलं.

"काकडं नाय घातली काय?" तिने विचारलं. "ती आंबट फळं गं. त्याबिगर शेवळं खाजणारच. आमच्यात पोरांना बी ठावं हाय."

"ती टाकून दिली."

"तू बघितलंस?"

"हो."

"मग बोलली नाय?"

मला दिसलं होतं, पण कळलं नव्हतं. की थोडं कळलंही होतं? मोबाइलवर त्या शब्दाचा अर्थ पाहिला होता; त्यात बघणं होतं, समजणं होतं, बोलण्याचं काहीच नव्हतं. मावशीने टोपली उचलायला घेतली. तिचा पावसाळाभराचा धंदा जाणार होता.

"मावशी, थांबा जरा," म्हणून मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"काल का नाही बोललीस?" सर म्हणाले. "बरं, आण तिला आत. पण ही भाजी होताना तू तिथे उभी राहायचं."

किचनमध्ये मावशीने काकडं माझ्या ओंजळीत ओतली.

"किती घालायची?" मी विचारलं.

"अंदाजानं," म्हणत ती टोपली घेऊन निघालीसुद्धा. शेफ माझ्याकडे बघत होते आणि मी फळांकडे.