मोराच्या श्रद्धांजलीचा बोर्ड

गगनबावड्याच्या रस्त्याला आमचं गाव. घरामागच्या परड्यात एक मोर यायचा. तो कुणाचाच नव्हता, त्यामुळं सगळ्या गल्लीचा होता. कुणी मका टाकायचं, कुणी शेंगदाणे. एका सकाळी तो विजेच्या डीपीखाली मरून पडलेला सापडला. माझ्या लेकीनं त्याला ओढणीत गुंडाळलं आणि रडत रडत देवळापर्यंत उचलून आणलं.

आमच्या गावाला कुठलीच गोष्ट साधी करता येत नाही. तरुण मंडळानं हलगी बोलावली, ट्रॉली फुलांनी सजवली, गुलाल-बुक्का आणला. दुपारच्या आत चौकात डिजिटल बोर्ड लागला. वर मोर, त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि शोकाकुल म्हणून अर्ध्या गावाची तोंडं. लेक नुकतीच पोलीस भरतीत निवडली गेली होती, म्हणून तिचा फोटो सगळ्यांत मोठा. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग वाजतगाजत नेऊन ओढ्याकाठी त्याला पुरलं.

मिरवणुकीचा व्हिडिओ गावाबाहेर गेला आणि सगळं उलटलं. राष्ट्रीय पक्षी मारून वर गुलाल उधळतात, असं कुणीतरी लिहिलं. कुणी म्हणालं, विष घातलं. मग बातमी आली, शिव्या आल्या, आणि गावातल्या गावात एकमेकांवर बोटं सुरू झाली. त्यातच मंडळाचा अध्यक्ष तोंड पाडून आमच्या दारात आला. म्हणाला, "काकू, मोर मेला की आधी वनखात्याला कळवायचं असतंय म्हणं. आपण तसाच पुरला. केस हुत्या म्हणं त्येची."

केस म्हटल्यावर मला आधी लेकीची भरती आठवली. लेकीची चारित्र्य पडताळणी अजून व्हायची होती. नडग्या सुजेपर्यंत ती उसाच्या वाटेनं पळाली होती, पहिल्या भरतीत थोडक्यात राहिली तरी पुन्हा पळाली होती. नावावर एक केस लागली की ते सगळं पाण्यात. ज्यांनी हौसेनं तोंडं छापून घेतली होती, तेच आता बोर्ड उतरवायला धावले. पण त्याचा फोटो ज्याच्या त्याच्या मोबाईलवर होता.

मला धड जेवण जाईना. दारावरनं गाडी गेली तरी मी आतनं कडी लावून घ्यायची. लेकीला बजावलं, "कुणी इचारलं तर मावशीकडं मलकापूरला गेलतो म्हण." ती घागर उचलून पाण्याला निघून गेली. 

अखेर वनखात्याची गाडी आली. साहेबांनी मोबाईलवरचा बोर्ड माझ्यापुढं धरला. "ही मुलगी कोण?"

"माझी लेक," मी म्हणाले. "पर ती त्या दिशी हितं नव्हती, साहेब. मलकापूरला गेलती. पोरांनी फोटो आपला छापला."

खोटं चांगलं वठलं. साहेबांबरोबर आलेल्या अध्यक्षानं मान डोलावली. साहेब वळलेसुद्धा. तेवढ्यात लेक उंबऱ्याबाहेर आली.

"आई खोटं बोलत्या, साहेब. भ्यालीया ती. मोर मीच उचलला, खड्ड्यातबी मीच ठेवला. कळवायचं असतंय हे आमाला ठावं नव्हतं."

 वाटलं, हिच्या मुस्काटात द्यावी. ती मात्र चप्पल घालून साहेबांना खड्डा दाखवायला निघालीसुद्धा.

मोर उकरून काढला. जनावरांच्या डॉक्टरांनी पायावरचा आणि पंखावरचा जळका डाग दाखवला; विजेच्या धक्क्यानं मेला होता, विषानं नव्हे. साहेबांनी सगळ्या गावाला फैलावर घेतलं आणि समज देऊन सोडलं. पुढं पडताळणी विनातक्रार पार पडली. गल्लीनं पेढे वाटले. लेकीनं मला पेढा भरवला.

आता ती कोल्हापुरात बंदोबस्ताला उभी असते. बायका म्हणतात, पोरगी पोलिसात, तुला आता भ्या कसलं? कसं सांगू त्यांना? तो साहेब भला माणूस निघाला. सगळेच तसे नसतात, आणि माझी लेक सगळ्यांना खरं तेच सांगणार.