कोऱ्या पावत्या

बोईसरला मी लोकांची आयकराची विवरणपत्रं भरून देतो. गेल्या जुलैत कुंभवलीचा एक माणूस आला. कारखान्यात बॉयलरवर कामाला होता. त्याची बायको कॅन्सरने गेली होती आणि तिच्या उपचारांच्या खर्चावर करात सूट मिळते, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

त्याने पिशवीतून पावत्या काढल्या. तारखेप्रमाणे लावलेल्या, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकमध्ये. पण मेडिकलच्या त्या गुळगुळीत कागदांवरची छपाई पार उडून गेली होती.

"काका, यावर काहीच दिसत नाही. सूट नाही मिळणार."

"नाय तर नाय," तो शांतपणे म्हणाला. "पण कुठली कशाची ते मला ठाव हाय. माझं अक्षर बरं नाय, तुमी तेवढं लिवून द्या."

मी पेन्सिल घेतली. एकेका पावतीवर बोट ठेवून तो सांगू लागला. ही पहिल्या सलाईनची. ही उलटी थांबायच्या गोळ्यांची. ही तिचे केस गेले त्या आठवड्यातली.

एका पावतीवर त्याचं बोट अडलं. त्याने ती उलटून पाहिली, उजेडाकडे धरली.

"ही नाय आठवत."

मी पुढची उचलली, तर त्याने माझं मनगट धरलं.

"थांबा. परवापर्यंत सगळं पाठ होतं हो मला."

मग तो रडू लागला. बाकावर नंबर लावून बसलेली माणसं आपापल्या फायलींत बघत राहिली.