पूर्वेला काही नाही

आमच्या नातेवाइकांकडे माझ्यासाठी दोनच प्रश्न असतात. लग्न ठरलं की, "मांडव उघडा ठेवू की झाकू?" आणि एरवी, "आज पाऊस येणार का?" इतकी वर्षं मी घसा फोडून सांगत आले, की बाबांनो, मी पावसावर काम करत नाही, ढगातल्या वाऱ्यावर करते. त्यावर सगळे म्हणतात, "म्हणजे तेच ना." माझं डोकं फिरतं. पण ते असो, आज त्यांच्यावर चिडायचा मला हक्क नाही.

गडगडाटी ढगात हवा वर चढते, आणि पावसानं जड नि गार झाली की खाली कोसळते. ती कुठे चढते, किती जोरानं कोसळते, एवढंच मला बघायचं असतं. गंमत अशी की आमच्या रडारला नेमकं तेच सरळ दिसत नाही. रडार ढगातल्या थेंबांवर लहरी सोडतं, आणि परत आलेल्या लहरींवरून इतकंच कळतं की थेंब आपल्या दिशेनं येताहेत की लांब चाललेत. वर की खाली, ते आपण ताडायचं. जिन्याच्या तोंडाशी चारी बाजूंनी माणसं येताहेत आणि परत कुणीच जात नाही, म्हणजे ती जिना चढत असणार, तसं. माझा सगळा जन्म त्या जिन्याच्या तोंडाशी अंदाज बांधण्यात गेला, आणि मला ते काम मनापासून आवडतं.

आमचं रडार येलहंकाच्या अलीकडे, संस्थेच्या गच्चीवर आहे. त्याला दोन तऱ्हांनी चालवता येतं. एक म्हणजे फेरी: तबकडी गोल फिरते, थोडी वर होते, पुन्हा फिरते, आणि चहूकडचं सगळं आभाळ दिसतं. दुसरी म्हणजे काप: तबकडी एकाच दिशेला रोखायची आणि खालून वर, वरून खाली हलवायची. मग तो एकच ढग सुरीनं कापलेल्या केकासारखा आतून दिसतो. हवेची चढउतार बघायला काप लागतात. पण काप घेत असताना बाकीच्या आभाळाकडे आपली पाठ असते. म्हणून दहा काप झाले की एक फेरी घ्यायचीच, असा नियम मीच केला होता आणि माझ्याच अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवला होता.

हे रडार सांभाळणारा इंजिनिअर नागपूरचा आहे. चाळिशीचा गृहस्थ, कामाला वाघ. बंगळुरात सात वर्षं काढून त्यानं कन्नडमधला एकच शब्द मिळवलाय, "गोत्तिल्ला", म्हणजे ठाऊक नाही. रिक्षावाल्याला गोत्तिल्ला, भाजीवाल्या अक्काला गोत्तिल्ला, पाण्याचा टँकर घेऊन आलेल्या अण्णालाही गोत्तिल्ला. मी त्याची त्यावरून भरपूर टिंगल केली आहे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, आमच्या घरी निम्मी भांडणं कन्नडमध्ये होतात, त्यामुळे तेवढा माज होता.

आता अक्का. माझी सख्खी मोठी बहीण, के. आर. पुरमला राहते. ब्लाउज शिवते. शिवते म्हणजे साधंसुधं नाही. खडूची रेघ न मारता कापडाला कात्री लावायची, आणि हात असा चालायचा की काठ जराही इकडचा तिकडे नाही. तिच्या गल्लीतल्या नवऱ्या मुली आधी अक्काची तारीख घ्यायच्या आणि मग मुहूर्त काढायच्या, असं भावजी म्हणायचे. भावजी म्हणजे तिचे यजमान, निवृत्त माणूस, बोलायला तिखट. मला पावसाचं विचारणाऱ्यांत अक्काच एक अशी, जी मी सांगेन ते करायची. उन्हाळ्यात तिचं वाळवण असतं. संडिगे, पापड, मिरच्या. पुण्याची माणसं संडिग्यांना सांडगे म्हणा म्हणतात, म्हणू देत. तर वाळवण घालण्याआधी एक फोन आणि आणण्याआधी एक फोन, हा तिचा शिरस्ता होता.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी उत्तरेला, दोड्डबळ्ळापूरच्या बाजूला, एक ढग उभा राहिला. अशा ढगाची आम्ही तीन उन्हाळे वाट पाहत होतो. एरवीचे ढग रडारसमोर येईपर्यंत विरून तरी जातात, नाहीतर डोक्यावर येऊन बसतात. हा हलेना. आम्ही काप घ्यायला लागलो, आणि खालून आत शिरणारी हवा अशी स्वच्छ दिसायला लागली की मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. दहा काप झाले. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, फेरी राहिली ना." मी म्हटलं, थांबा जरा. वीस झाले. तो पुन्हा म्हणाला. मी म्हटलं, हा ढग गेला तर फेरीचं काय लोणचं घालायचंय? त्यानं भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं आणि पुढचा काप घेतला.

तेवढ्यात अक्काचा फोन आला. गच्चीवर संडिगे पसरलेले होते, जुन्या साड्यांवर. हातात एका मुलीचा लग्नाचा ब्लाउज होता, दुसऱ्या दिवशी द्यायचा. ती म्हणाली, फोनवर मेसेज आलाय, गडगडाट होईल म्हणून. पण तो रोजच येतो, तू सांग. वरचं आधी आणू की निवांत शिवायला बसू?

मी शेजारच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे शेवटच्या फेरीचं चित्र होतं. पूर्व दिशा कोरी करकरीत.

"पूर्वेला काही नाही, अक्का. बस खुशाल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या चित्राच्या कोपऱ्यात वेळ लिहिलेली असते. ती चाळीस मिनिटांपूर्वीची होती. मेमधल्या आभाळात चाळीस मिनिटांत काय काय होतं हे मी पोरांना फळ्यावर शिकवते. पुढे संस्थेत ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी सांगितलं, की घाईत वेळेकडे लक्ष गेलं नाही. ते खोटं आहे. वेळ मी वाचली होती. वाचली, आणि फेरी घेतली तर चार-पाच मिनिटं हा ढग दिसणार नाही, एवढाच विचार मनात आला.

अखेर उत्तरेचा ढग ढेपाळला आणि आम्ही फेरी घेतली. पूर्वेला, के. आर. पुरमच्या डोक्यावर, पडदा लालभडक, म्हणजे धो धो पाऊस. त्याच्या पुढे एक बारीक कमान पसरत चालली होती. ढगातून कोसळलेली गार हवा जमिनीवर आपटून बाहेर धावते, तिची ती कड. इतकी रेखीव कड मी आमच्या रडारवर कधी पाहिली नव्हती. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "अरे वा". दुसरं वाक्य निघालं, "तिकडचे काप घ्या." घेतले. त्यानंतर मला अक्का आठवली. लाज वाटते लिहायला, पण क्रम तोच होता.

ती फोन उचलेना. चौथ्यांदा भावजींनी उचलला. ते दवाखान्यात होते.

झालं होतं असं. तोवर पावसाचा एक थेंबही नव्हता. अक्का मशीनवर होती, आणि एकदम वारा सुटला. ती जिना चढून गच्चीच्या दाराशी पोचली तेव्हा साड्या संडिग्यांसकट उडत होत्या. गच्चीचं दार लोखंडी. ते अडवायला ठेवतात ती वीट सरकवायला अक्का वाकली, उजवा हात चौकटीवर, आणि वाऱ्यानं दार आपटलं. अंगठा आणि मनगट, दोन्ही सापडली. पावसानं नाही, वाऱ्यानं. म्हणजे माझ्याच विषयानं.

हेब्बाळपासून के. आर. पुरमपर्यंत रिंग रोडवर पाणी तुंबलेलं. टॅक्सीत बसून मी देवाला बोल लावला, रस्त्याला लावला, महापालिकेला लावला. पोचले तेव्हा अक्काचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता आणि खोलीत शेजारपाजार जमला होता. भावजी माझ्याकडे वळून म्हणाले, हिची बहीण ढगवाऱ्याच्या शास्त्रात एवढी मोठी, तुम्ही सांगितलं नाहीत का हिला? माझं तोंड उघडलं. पण माझ्याआधी अक्काच बोलली.

"सांगितलं होतं तिनं. मीच ऐकलं नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भावजी सुटले, हट्टी बाई, कधी कुणाचं ऐकलंय का, आता भोगा. शेजारणी मान डोलवत होत्या. आणि मी? मी अक्काच्या उशाशी उभी राहून तिचं पांघरूण नीट केलं. एक वाक्य बोलायचं होतं, ते गिळलं. तोंडावर आलेला उपकार मी मुकाट्यानं घेतला.

हाडं जुळली, पण अंगठा पूर्वीसारखा वळला नाही. पेला धरता येतो, पोळी लाटता येते. कात्री चालत नाही. तो लग्नाचा ब्लाउज दुसऱ्याच कुणी पुरा केला. आता समोरच्या घरातली एक बाई येऊन कापड कापून देते, खडूच्या रेघा मारून, आणि अक्का फक्त शिवते. कापताना ती त्या बाईच्या हाताकडे बघत नाही, खिडकीतून बाहेर बघते.

इकडे मी त्या दुपारचा शोधनिबंध लिहिला. चांगला झाला, असं सगळे म्हणाले. एका परीक्षकानं विचारलं, मध्ये इतका वेळ पूर्ण आभाळाचं निरीक्षण का नाही? मी लिहिलं, या काळात फेरी घेतली गेली नाही. शाळेत बाई कर्मणी प्रयोग शिकवायच्या तेव्हा मला कळत नसे की तो कशाला लागतो. आता कळलं. घेतली गेली नाही म्हटलं की न घेणारा कुणी उरतच नाही. परीक्षकाचं समाधान झालं.

आणि वर्षभर भावजींचं चालूच. दूध उतू गेलं, तरी "बहिणीचं ऐकलं नाहीस तसंच". पाहुणे आले की तीच कथा तिखटमीठ लावून. मी समोर बसलेली असायचे, हातात त्यांच्याच घरची कॉफी. अक्का म्हणायची, "हो हो, माझंच चुकलं," आणि मला आणखी एक चकली वाढायची.

परवा सुट्टीच्या दिवशी गेले होते. वाळवण या वर्षीही घातलंय. भावजी पेपर वाचता वाचता एकदा तो टोमणा मारून दूध आणायला बाहेर पडले, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, अक्का, तू यंत्र चुकलं समजत असशील तर यंत्र चुकलं नव्हतं. ते चित्र जुनं होतं, आणि जुनं आहे हे मला ठाऊक होतं. माझा ढग जाईल म्हणून मी फेरी घेतली नाही. मी घेतली नाही.

अक्काचं मशीन थांबलं. तिनं सुईखालचं कापड सोडवून घेतलं. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर हाकलून देईल. दोन्ही मी सोसलं असतं.

"मग गोत्तिल्ला म्हणायचं होतंस गं," ती म्हणाली. "मी गोळा करून आणलं असतं. दहा मिनिटांचं काम."

डोळे पुसत मी म्हटलं, भावजी आले की त्यांना सांगते सगळं. तिनं डाव्या हातानं मला खाली बसवलं. म्हणाली, सांगू नकोस. मला बोलणी खायची सवय आहे, तुला नाही. आणि ते पुन्हा तुला एक अक्षर विचारणार नाहीत. ते मला नको आहे.

मी सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही. हे लिहायचं धैर्य आहे, ते बोलायचं नाही.

थोड्या वेळानं खोलीतला उजेड जरा उतरला. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या आणि त्यांच्यामधली आभाळाची एक पट्टी तेवढी दिसत होती. अक्कानं नेहमीच्या आवाजात विचारलं, वर्षभरात पहिल्यांदाच, "वरचं राहू दे, की आणू?"

माझा हात सवयीनं फोनकडे गेला. मी तो मागे घेतला.

"गोत्तिल्ला, अक्का," मी म्हटलं.

"सरी, बरं," म्हणाली ती, आणि परात डाव्या काखेत मारून जिन्याकडे निघाली. मी तिच्यापुढे धावत वर गेले, आणि ती सगळे संडिगे गोळा करून खाली उतरेपर्यंत ते लोखंडी दार दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.