रिकाम्या पोटी

तिसऱ्या फॉलोअपला मी अशोकला सरळच विचारलं, "कॅपसूल खातोस की विकतोस?"

ओपीडी भरलेली होती. अशोक शर्ट काढून स्टुलावर पाठमोरा बसला होता. तीन महिन्यांच्या उपचारानंतर पाठ होती तशीच होती. खरं तर थोडी जास्तच बिघडली होती. खांद्यांपासून कमरेपर्यंत लाल गाठी, काही फुटलेल्या, काहींवर खपली धरलेली.

"इमानानं खाऊन राहिलो, म्याडम," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "दिवसाच्या चार. एक नाही चुकली."

"मग हे असं का?"

"आता ते मले काय मालूम जी. मालूम असतं तं मी तुमच्या खुर्चीत नसतो का?"

रांगेत कोणीतरी हसलं. मला राग आला. मी केसपेपरवर लिहिलं, 'औषध नियमित घेत नाही असा संशय.' खाली तारीख आणि सही.

नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात, त्वचारोग विभागात, मी तेव्हा लेक्चरर होते. मुरूम म्हटलं की लोकांना कॉलेजातल्या मुलांचे चेहरे आठवतात. काहींना मात्र ते पाठीवर येतात आणि खोल जातात. त्वचेखाली तेल तयार करणाऱ्या बारीक पिशव्या असतात. त्यांचं तोंड बुजलं की आत जंतू वाढतात, पू होतो, सुपारीएवढ्या गाठी होतात. बऱ्या झाल्या तरी खड्डे ठेवून जातात. उपचार दोन बाजूंनी करायचा. बाहेरून जेल, आतून अँटिबायोटिक. बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल तेव्हा नवीन होतं. दवाखान्यात मिळत नसे, म्हणून कंपनीच्या माणसाने ठेवलेल्या सॅम्पलच्या ट्यूब मी अशोकला देत होते. अँटिबायोटिक म्हणजे टेट्रासायक्लिन. ते आमच्या औषधांच्या खिडकीवर फुकट मिळे. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात, पण दिसतो.

अशोक इंदोऱ्याचा, नागपूरच्याच एका गरीब वस्तीतला. वडील नव्हते, घरी फक्त आई. फौजेच्या भरतीत तो धावण्यात पास झाला, लेखी परीक्षेत पास झाला. मेडिकलला शर्ट काढायला लावला आणि तिथेच अनफिट ठरला. नियम चुकीचा नव्हता. जवानाच्या पाठीवर सामानाची वजनदार पिशवी असते. तिचे पट्टे अशा गाठींवर घासले तर आठवडाभरात पाठ चिघळते. पुढची भरती सहा महिन्यांनी होती. त्यानंतर त्याचं वय बसत नव्हतं. म्हणजे संधी एकच.

"आमच्या गल्लीतून अजून कोणी फौजेत नाही गेलं, म्याडम," पहिल्या दिवशी तो म्हणाला होता. "होईन ना पाठ साफ?"

"सहा महिने पुष्कळ झाले," मी म्हणाले होते.

तिसऱ्या फॉलोअपनंतर मी केसपेपर घेऊन आमच्या हेडसरांकडे गेले. सरांनी माझा शेरा वाचला.

"पोरगा बनवतोय?"

"तसं वाटतंय, सर. पण दर वेळी कॅपसूलच्या रिकाम्या पुड्या मोजून आणून दाखवतो."

"मग डोस वाढवा. चारच्या सहा करा. महिनाभर बघू."

चारच्या सहा झाल्या. दीड महिना गेला. पाठ तशीच. एका गाठीतून आता रक्त येत होतं. मी दुसरं अँटिबायोटिक लिहिण्याचा विचार केला, पण ते आमच्या खिडकीवर नव्हतं आणि बाहेरून घेणं त्याला जमणारं नव्हतं. भरतीला सहा आठवडे उरले.

त्या फॉलोअपला अशोक एकटा आला नाही. सोबत एक किरकोळ अंगाची बाई होती. तिने पदर सावरून हात जोडले.

"जय भीम, बाई. मी याची माय." मग माझ्या टेबलाजवळ वाकून हळूच म्हणाली, "एक इचारू का? दूध वाढवू का?"

"कसलं दूध?"

"दवेच्या गोयीवरचं. तुम्ही गोया वाढवल्या ना, पण दूध तेवढंच हाये. अर्ध्या शेरात सहा वेळा काही भागत नाही. म्हणून फरक पडून नाही राहिला का?"

सर नेमके त्या दिवशी पाठ बघायला माझ्या खोलीत आले होते. तेही थांबले.

"हा कॅपसूल दुधाबरोबर घेतो?" मी विचारलं.

"मंग! एवढी गरम दवा कोऱ्या पाण्यावर कशी देऊ? ऊन पाहा कसं हाये. नाकातून रक्त येईन पोट्ट्याच्या."

"अहो, पण मी रिकाम्या पोटी घ्यायला सांगितलं होतं."

"रिकाम्या पोटीच घेते जी. भाकर नाही, चहा नाही, काही नाही. निस्तं दूध."

माझ्या सासरी एकादशीला दूध चालतं. दूध पिऊन उपास मोडत नाही. मग त्याने पोट तरी कसं भरलं म्हणायचं?

आता औषधाचं सांगते. दुधातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला घट्ट धरून ठेवतं. दोन्ही मिळून जे होतं ते आतड्यातून शोषलं जात नाही, बरंचसं तसंच बाहेर पडतं. रक्तात पोचतच नाही, तर पाठीपर्यंत काय पोचणार? साडेचार महिने अशोक औषध इमानाने गिळत होता आणि त्याला औषध मिळत नव्हतं.

"एवढं दूध आणता कुठून?" मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

"गवळ्याचा गोठा धरला ना. पहाटे शेण काढाचं, गोठा धुवाचा. म्या पैसे नाही मागतले, दूध मागतलं. याची दवा सुरू झाली तेव्हापासून."

सर माझ्याकडे वळले. "दुधाचं सांगितलं नव्हतं का यांना?"

माझ्या टेबलावरच्या काचेखाली सूचनांची यादी होती. मला सगळ्या गोष्टींच्या याद्या लागतात. टेट्रासायक्लिनसाठी पाच सूचना होत्या. रोज ठरलेल्या वेळी. रिकाम्या पोटी. भरपूर पाण्याबरोबर. मधेच बंद करायचं नाही. पाचवी सूचना अशी की आधी आणि नंतर दोन तास दूध, दही, ताक नको. या पाचवीपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'लागू असल्यास'. रांग मोठी असते, वेळ वाचतो. धरमपेठेतल्या, सिव्हिल लाइन्समधल्या सुखवस्तू घरांतल्या मुलींना मी पाचही सांगत असे. अशोकच्या केसपेपरवरचा पत्ता वाचला आणि चारच सांगितल्या. त्या घरात दूध असेल असं मला वाटलं नव्हतं.

"सांगितलं होतं, सर," मी म्हणाले.

अशोकने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखं. मग तो आईला म्हणाला, "सांगतलं असन वं माय. माह्याच ध्यानात नाही राह्यलं."

तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली. "मले तरी सांगाचं ना रे! इतक्या पहाटे उठून मी..." पदराने तिने त्याच्या खांद्यावरचं रक्त टिपलं आणि शर्ट त्याच्या हातात दिला.

सर म्हणाले, "ठीक आहे. आजपासून फक्त पाणी. डोस परत चार." आणि राउंडला गेले.

मी पाचही सूचना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिल्या. दर आठवड्याला बोलावलं. पहिल्या दोन आठवड्यांत काही दिसलं नाही. तिसऱ्या आठवड्यात नवीन गाठ एकही आली नाही. पाचव्यात जुन्या गाठी बसायला लागल्या. औषध अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे काम करत होतं. दर आठवड्याला त्याची पाठ बघायची मला भीती वाटायची, कारण ती सुधारत होती आणि तारीख जवळ येत होती.

तो मेडिकलला निघाला तेव्हा मी त्याला सर्टिफिकेट दिलं. उपचाराला उत्तम प्रतिसाद, दोन महिन्यांत पूर्ण बरा होण्याची अपेक्षा, असं स्पष्ट लिहिलं. तो दुसऱ्या दिवशी ओपीडी संपता संपता आला.

"काय म्हणाले?"

"चिठ्ठी वाचली त्याहीनं. म्हणे, चांगलं होऊन राहिलं. दोन महिन्यानं ये म्हणे."

"मग?"

"दोन महिन्यानं मी म्हातारा होतो जी. फौजेच्या हिशेबानं." तो हसला. मला हसता आलं नाही. "चालू ठेवाची का दवा?"

"चालू ठेव," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

दोन महिन्यांनी तो ठरल्या तारखेला आला. पाठ साफ होती. खड्डे होते, काळे डाग होते, पण गाठ एकही नव्हती. सरांना फार आनंद झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना बोलावलं. दहा-बारा मुलं स्टुलाभोवती उभी राहिली. सर पेन्सिलीने दाखवत म्हणाले, "बघा, टेट्रासायक्लिन नीट घेतलं की असा रिझल्ट मिळतो." अशोक ताठ बसून राहिला, मेडिकलला बसतात तसा. मुलं गेल्यावर त्याने बटणं लावली आणि विचारलं, "अजून कोणाले दाखवाची हाये का?"

त्यानंतर तो आला नाही.

वर्षभराने त्याची आई आली, स्वतःचे हात दाखवायला. शेण आणि पाणी यांनी दोन्ही पंजे फुटले होते, भेगांतून लस येत होती. गोठ्याचं काम तिने सोडलं नव्हतं. आता ती दूध विकत होती. अशोक कळमन्याच्या बाजारात पोती उचलत होता.

"पाठीचं काही नाही ना?" मी विचारलं.

"पाठ चांगली हाये." तिने हात माझ्यापुढे धरले. "दुधाले हात नाही लावत पोट्टा. चहासुद्धा कोरा पिते. मीच पाजलं ना जी त्याले."

तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण तीच म्हणाली, "तुमचा काही दोष नाही, बाई. तुम्ही तं सांगतलं होतं."

मी मलम लिहून दिलं. ते दोन वेळा लावायचं, वर कपडा बांधायचा, हे समजावलं. मग पुढचा नंबर पुकारला.

नव्या डॉक्टरांना मी आता एवढंच सांगते. औषधाच्या सूचना पत्ता बघून कमी-जास्त करू नका. सगळ्या सूचना सगळ्यांना सांगा. एका पेशंटमागे अर्धं मिनिट जास्त लागतं.