लुइझियानाची परतीची धून

एके काळी हबीबच्या ट्रम्पेटशिवाय डोणगावात लग्न लागत नसे. सोनेरी झालरीचा लाल डगला घालून तो पुढे, मागे भाऊरावचा मोठा ढोल; नवरदेव घोड्यावर बसून बिचारा एकटाच राही, लोक सगळे यांच्याकडे बघत. पुढे डीजे आला, बँडपार्टी मोडली, डगले पेटीत गेले. हबीबचे वरचे पुढचे दोन दातही पडले. मग दोघे म्हातारे भाऊरावच्या ओसरीवर नुसते बसू लागले.

तिथंच एका संध्याकाळी भाऊरावच्या नातीनं, अर्पितानं, मोबाईलवर काहीतरी लावून दिलं. अमेरिकेतल्या लुइझियाना नावाच्या राज्यात कृष्णवर्णीय वादक बँड लावून प्रेत नेत होते. जाताना धून इतकी संथ, इतकी दुखरी, की हबीबच्या हातातला चहा निवला. माती देऊन परत फिरताना मात्र तेच वाजंत्री असे उसळले, की रस्त्यातले लोक छत्र्या नाचवत मागे लागले.

"हबीब, हे तं आपलीच पार्टी हाय बे!" भाऊराव ओरडला. "डगलेबी तसेच!"

त्या दिवसापासून दोघांना वेड लागलं. पुन्हा पुन्हा ऐकायचं आणि वाजवून बघायचं. दातांच्या खिंडीतून हवा निसटली की भाऊराव म्हणे, "तुह्या तोंडात खिडकी हाय लेका, हवा खेळती राह्यते!" असंच एकदा हसता हसता त्यानं हबीबचा हात धरला. "मले असाच नेजो. जातानी पाह्यजे तेवढं रडव, पण येतानी वाजवल्याबिगर येऊ नको."

हबीबनं जबान दिली.

गेल्या पौषात भाऊराव गेला. हबीबनं डगला बाहेर काढला. तो आता अंगावर लोंबत होता. तिरडी उचलली आणि त्यानं ती संथ धून धरली. गल्लीच्या गल्ली थबकली. बायका पदर तोंडाला लावून दारात आल्या. सकाळी "बँड नको" म्हणणारा भाऊरावचा मुलगा गणेशच रडत म्हणाला, "चाचा, थांबू नका."

बँडवाल्याला पहिल्यांदा शिकवतात ते हेच, की ओठ राखून वाजव, वरात लांब असते. हबीबनं स्वतः कितीजणांना हे शिकवलं होतं. पण त्या दिवशी त्याला थांबवेना. दोस्त अजून खांद्यांवर होता. ट्रम्पेट खाली घेणं म्हणजे त्याचा हात सोडणं. स्मशानापर्यंत तो वाजवतच राहिला.

चिता पेटली. लोक परत फिरले, रिवाजाप्रमाणे मुकाट, मागं न बघता. हबीबनं ट्रम्पेट तोंडाला लावला. नुसती हवा! ओठ सुजून जाड झाला होता, खिंडीपाशी फाटला होता. त्यानं पुन्हा जोर लावला. पुन्हा हवाच.

"चाचा, आता कशाले?" गणेश कुजबुजला. "लोकं पाहून राह्यले."

"तुह्या बापाले जबान देल्ली, बेटा."

"अन् लोकं काय म्हनतीन? बाप जाळला अन् पोरगा वाजत गाजत आला?"

हबीबला भांडायचं होतं. पण भांडून जिंकला असता, तरी वाजवणार कशानं? तो चालता चालता तोंडाला लावत राहिला, पुसत राहिला, पुन्हा लावत राहिला. वाट सरत होती. घर दिसलं तेव्हा तोंडात रक्ताची चव होती आणि सूर एकही नव्हता.

दारात कडुलिंबाचा पाला ठेवला होता. आतून रुक्मिणीबाईनं, भाऊरावच्या बायकोनं विचारलं, "हबीबभाऊ, वाजवलं?"

"नाई भाबी. जातानीच सारं वाजवून बसलो."

ती उंबऱ्याशी आली. मग म्हणाली, "तोंडानं म्हना."

"सुतकाच्या घरात?" एक बाई पुटपुटली.

"माह्या घरात," रुक्मिणीबाई म्हणाली.

हबीब अंगणात ताठ उभा राहिला आणि फाटक्या ओठांनी म्हणू लागला. पँ, परप पँ. आवाज चिरकत होता, तरी धून ओळखू येत होती. एका ठिकाणी तो सवयीनं थांबला. तिथं ढोल एकटा वाजायचा. ती जागा त्यानं पूर्ण जाऊ दिली, पुढचा तुकडा उचलायला तोंड उघडलं, आणि त्यातून हुंदका फुटला. धून तिथून पुढे गेलीच नाही.