ओव्याची बाटली

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी गांधीबागेतल्या दुकानात एका व्यापाऱ्यापुढे पॉपलीनचं थान उलगडत होतो. दवाखान्यात ताईजवळ थांबायची त्या सकाळी त्यांची पाळी होती. "शोभा गेली गा," एवढंच ते म्हणाले. मी थान पुन्हा नीट गुंडाळलं, सुतळी बांधली, व्यापाऱ्याला दरही सांगितला आणि मग खाली बसलो. माणूस अशा वेळी असा का वागतो, कोण जाणे…

शोभाताई माझी थोरली बहीण. आई दिवसभर मजुरीला जायची, म्हणून मला वाढवलं ते ताईनंच. लग्न होऊन ती कुहीकडच्या एका गावात गेली. धानाच्या रोवणीत बायकांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे असायची आणि मागे राहिलेल्यांना चिडवायची. मग तिचे सांधे आखडायला लागले, केस झुबक्यानं गळू लागले, नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाल चट्टे उठले. गावानं सांगितलं ऊन लागलं, एका डॉक्टरनं सांगितलं संधिवात, आणि यातच बरेच महिने गेले. शेवटी मी तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. तिथे आधी एएनए नावाची रक्ततपासणी झाली, मग डीएसडीएनए नावाची दुसरी, आणि आजाराला नाव मिळालं… ल्युपस. शरीराचं रक्षण करणारी प्रतिपिंडं शरीरावरच उलटतात, असं डॉक्टरांनी समजावलं. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "म्हंजे घरातलेच भांडून राहिले म्हण ना." तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.

गोळ्या सुरू झाल्या, चट्टे फिके पडले. डॉक्टरांनी बजावलं होतं की एएनए पुन्हा पुन्हा करायची गरज नाही, लक्ष ठेवायचं ते दुसऱ्या तपासणीच्या आकड्यावर, आणि प्रत्येक वेळी लघवीही तपासायची, कारण हा आजार मूत्रपिंडाला धरतो. त्यातला आकडा आम्ही पक्का धरला. दर खेपेला ताई पहाटेच्या एसटीनं यायची, तोंडाला ओढणी गुंडाळून. उन्हाळ्यात नागपुरात सगळ्याच बाया तशा फिरतात, ही थंडीतही फिरायची. मी दवाखान्याच्या फाटकाशी उभा असायचो. ती रक्त द्यायची, खिडकीवरून मिळालेली प्लास्टिकची बाटली पदराखाली धरून आडोशाला जायची आणि थोड्या वेळानं मोकळ्या हातानं परत यायची. मग आम्ही समोरच्या टपरीवर तर्री-पोहे खायचो. मला तर्री बाधते हे ठाऊक असल्यामुळे ती पिशवीतून एक छोटी बाटली काढून माझ्या तळहातावर ओवा द्यायची. मी चाळिशी ओलांडलेला दुकानदार, पण ओवा चावून गिळेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहायची.

रक्ताचा रिपोर्ट मी आणायचो. लघवीचा कधीच सापडायचा नाही. खिडकीवरचा माणूस म्हणायचा नमुनाच आला नाही, आणि मी त्याच्याशी हुज्जत घालायचो. सरकारी कारभार म्हणजे असाच, म्हणून येताजाता बोटं मोडायचो. डॉक्टर बहुधा दर वेळी नवे, मागे ही गर्दी. ते विचारायचे, ताई म्हणायची मागून येईल, आणि तेही पुढच्या वेळी नक्की आणा म्हणून आकड्याकडे वळायचे. आकडा खाली आलेला असायचा. मी तिथूनच गावी फोन करून सांगायचो, "भाऊजी, उतरला." तिकडे भाऊजी साऱ्या आळीला सांगायचे.

गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा पायांत जोडवी नव्हती. बोटांना घट्ट होतात म्हणून काढून गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली होती. पाय सुजलेले होते, डोळ्यांखाली फुगवटे आले होते. चिखलात उभं राहून होते तसं, म्हणाली. नुकताच आलेला आकडा चांगला होता, त्यामुळे मलाही ते पटलं. पुढे महिनाभरात तिला दम लागला आणि भरती करावं लागलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी जुने लघवीचे रिपोर्ट मागितले. माझी नेहमीची टकळी सुरू झाली, की इथली माणसं हरवतात, नीट ठेवत नाहीत. बाई शांतपणे म्हणाल्या, काही जणांत हा आकडा जागेवर राहतो आणि आत मूत्रपिंड जात असतं. लघवीत ते फार आधी दिसलं असतं. त्या गेल्यावर ताईनं मला जवळ बोलावलं.

"त्याइचा दोष नाही गा. मी बाटली देल्लीच नाही कधी."

काहून, एवढाच शब्द माझ्या तोंडून निघाला.

"ते भरलेली बाटली हातात धरून तुह्या समोरून कशी येऊ? लायनीत एवढे माणसं… अन् तुले मी न्हाऊ घातलं." मग तिनं विचारलं, "पर आकडा तं चांगला होता ना?"

हो, चांगला होता, असं मी म्हणालो. मला तिचा भयंकर राग आला होता. अजूनही येतो. शिरेत सुई टोचून घ्यायला ती कधी कचरली नाही, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी… डायलिसिस काही दिवस चाललं, मग छातीत जंतुसंसर्ग झाला आणि सगळं आटोपलं.

तेरवीला गावी गेलो. पंगती उठल्यावर पोटात कळ आली, म्हणून भाचीकडे ओवा मागितला. "मामा, फळीवर आहे, घ्या ना," ती म्हणाली. स्वयंपाकघरातल्या फळीवर पांढऱ्या झाकणाच्या, एकसारख्या प्लास्टिकच्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकीवर रुग्णाचं नाव लिहायची पट्टी होती आणि त्या पट्टीवर ताईच्या तिरप्या अक्षरात लिहिलेलं होतं… मोहरी, जिरं, मेथी, हिंग. ओव्याची बाटली टोकाला होती. तिचं झाकण मी आधी कितीदा तरी पाहिलं होतं, टपरीवर, तळहात पुढे करून.

ती बाटली मी भाचीकडून मागून आणली. आता दुकानात गादीजवळ असते. मधूनमधून टपरीवरून तर्री मागवतो, पोट दुखतं, आणि बाटली हातात घेऊन बसून राहतो. ओवा अजून काढलेला नाही.