बंद बॉयलरची सीटी

वीजकेंद्रात त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. शिक्षण बेताचंच, पण बॉयलरला लोखंडी सळई टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि आत कुठल्या नळीला भोक पडलंय ते सांगायचं, ही विद्या त्यांच्याकडे होती. बारीक भोकातून वाफ निसटली की सीटी वाजते. ती यंत्रांना कळायच्या आधी डॉक्टरांना कळायची. अठ्ठावीस वर्षांत त्यांचं निदान दोनदा चुकलं आणि ते दोन्ही किस्से ते स्वतःच तिखटमीठ लावून सांगत. घरी बायको म्हणायची, "भिंतीपलीकडची वाफ ऐकू येते यांना, मी समोर बसून बोलते ते नाही."

पुढे कंपनीला हवामानाची काळजी वाटू लागली. वाटायलाच हवी होती. उन्हाळे कसे पेटलेत हे भट्टीपुढे उभं राहणाऱ्याला कुणी सांगायला नको. माळावर सौर पॅनल बसली आणि सगळ्यांत जुना, कोळशाला अधाशी असलेला तीन नंबरचा बॉयलर बंद झाल्याचं जाहीर झालं. तेही मुदतीच्या दोन वर्षं आधी! कंपनीला ढाल मिळाली, फोटो छापून आले. बटण दाबणारा हात डॉक्टरांचा होता. "जन्मभर सोडलेला धूर थोडा तरी फिटला," ते बायकोला म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले होते.

पण बॉयलरवाल्यांच्या बोलण्यात बॉयलर बंद होतो तो भंगारवाला दारात आला की. तोवर तो नुसता निजलेला असतो. तीन नंबरही निजलाच होता. ऊन उतरलं की पॅनल ढेपाळायची आणि नेमके तेव्हाच घरोघरचे एसी सुरू व्हायचे. वीज साठवायला मोठ्या बॅटऱ्या घ्यायचं ठरलं होतं, पण ते घोडं कुठल्याशा मंजुरीत पेंड खात होतं. मग सकाळीच साहेबांचा फोन यायचा, "डॉक्टर, जरा उठवा त्याला." बाकीच्या दोन बॉयलरांचा धूर त्याच चिमणीतून जायचा, तिसऱ्याचा वेगळा ओळखणार कोण? नोंदवहीत मात्र 'तीन नंबर : बंद' असं लिहायचं आणि खाली डॉक्टरांनी सही ठोकायची. पहिल्यांदा त्यांचा हात अडखळला.

"अहो, निजलेला म्हणजे बंदच की!" साहेब हसले. "तुमचाच शब्द आहे."

डॉक्टरांनी सही केली. दोन उन्हाळे करत राहिले. पाप साहेबांचं होतं हे खरं, पण कानावर पोट भरणाऱ्या माणसानेही तिथे कानाडोळाच केला, हे सांगायलाच हवं.

गार बॉयलर आठ-दहा तास सावकाश तापवावा लागतो. दुसऱ्या उन्हाळ्यात एके दिवशी साहेबांना तो चार तासांत हवा होता. दुपारी तीनला डॉक्टरांनी सळई लावली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, सीटी वाजतेय. विझवा लगेच."

"एवढी संध्याकाळ निभवून न्या. उद्या बघू."

"ही नळी संध्याकाळ बघायची नाही."

"मग मी काय करू, डॉक्टर? बंद बॉयलरची दुरुस्ती कुठल्या कागदावर मागू?"

डॉक्टरांनी सगळ्या माणसांना खाली पिटाळलं आणि नक्की जागा शोधायला स्वतः पुन्हा कान लावला. तेवढ्यात नळी फुटली. मान आणि खांदा भाजला, ते महिन्याभरात भरून आलं. कान गेले ते गेलेच.

भरपाईच्या अर्जावर चौकशी लागली तेव्हा बायको सोबत गेली. टेबलामागे तिघे बसले होते. वागायला चांगले, त्यांनी आधी पाणी दिलं, मग नोंदवही उघडून सहीवर बोट ठेवलं. सही डॉक्टरांचीच होती. आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडायचं कुणाच्या नावाने? खाली पाठवल्यामुळे जीव वाचलेल्या सोबत्यांनी लिहून दिलं होतं की आम्ही खाली होतो, आम्ही काही पाहिलं नाही. नोकरी त्यांनाही हवी होती.

मधला अधिकारी बराच वेळ बोलला. बायकोची मान खाली गेली.

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

ती त्यांच्या कानाशी वाकून ओरडली, "वयाने गेले म्हणतात कान!"

डॉक्टरांना एक्कावन्नावं लागलं होतं. "आणि नळी?"

"तीन नंबर बंद आहे म्हणतात! बंद बॉयलरची नळी फुटत नाही म्हणतात!"

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. डॉक्टरांनी विचारलेलं बाहेरच्या जिन्यापर्यंत गेलं.

"मग मी कुठे होतो?"

तिघांचेही ओठ हलले. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. तिने पिशवी उचलली, त्यांचा दंड धरला आणि त्यांना उठवलं. ते तिघे काय म्हणाले, हे तिने त्यांना अजून सांगितलेलं नाही.